काटा घ्यावा की कप-चमच्यांचा सेट?

नुकतंच बेकिंग सुरू केलं की हा प्रश्न पडतोच. रेसिपीत लिहिलेलं असतं 250 ग्रॅम मैदा, घरात काटा नाही, मग 1 कप म्हणजे 250 ग्रॅम असं कुठेतरी वाचलेलं आठवतं आणि आपण तेवढा मैदा घालून मोकळे होतो. तर आधी हे सांगते की ते गणित फक्त पाण्याला आणि फार तर दुधाला लागू आहे, तेही कप 250 मिलीचा असेल तर. त्याच कपात मैदा हलक्या हाताने भरला तर साधारण 130 ग्रॅम बसतो, साखर 200 च्या थोडी वर जाते, मध साडेतीनशे.

मैद्याचं तर फारच अवघड आहे. डब्यात कप खुपसून दाबून काढला की तोच कप 150 ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे दोन कपांच्या नानकटाईत चाळीस-पन्नास ग्रॅम मैदा जास्त पडला आणि तूप तेवढंच राहिलं, मग गोळा वळता वळत नाही, कडेने भेगा पडतात. माझ्या पहिल्या दोन खेपा अशाच गेल्या, तूप कमी पडलं म्हणून वाढवत बसले आणि चूक मापात होती. काटा आणल्यावर तीच रेसिपी पहिल्याच झटक्यात जमली. म्हणून केक, बिस्किटं, ब्रेड करणार असाल तर काटाच घ्या, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल पुरतो. भांडं ठेवून शून्य करायचं, मैदा घालायचा, परत शून्य, मग साखर, धुवायला कप-वाट्या पडत नाहीत हे आणखी एक सुख.

पण सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट यांना तो काटा नको, दोन-तीन ग्रॅमला तो डळमळतो, तिथे 5 मिलीचा टीस्पूनच बरा.

आता रोजचा स्वयंपाक. त्याला ग्रॅम लागतच नाहीत. मोदकाच्या उकडीला पिठी वाटीला वाटी पाणी, उपम्याला रव्याच्या अडीच-तीन पट पाणी, इडलीला तीन वाट्या तांदूळ एक वाटी उडीद डाळ, हे सगळं प्रमाण आहे, वाटी कुठलीही घ्या फक्त शेवटपर्यंत तीच ठेवा. आपल्याकडे शेर-पायलीने धान्य मोजायचे तेही आकारमानच होतं, चार शेरांची पायली, ज्वारी असो की तांदूळ.

गूळ मात्र वाटीने मोजू नका! चिरलेला, किसलेला आणि पावडर, तिन्हींची एक-एक वाटी वेगळ्या वजनाची, आणि चिक्कीत गूळ कमी-जास्त झाला की संपलं. ओल्या खोबऱ्याचंही तेच, दाबून भरलं की मोकळं यावर सगळं.

कपांचा सेट घेणार असाल तर मागे काय कोरलंय ते बघा. अमेरिकन रेसिपीतला कप साधारण 240 मिलीचा असतो, आपल्याकडे 240 आणि 250 दोन्ही मिळतात, हा फरक तसा चालून जातो. राइस कुकरबरोबर येणारा प्लॅस्टिकचा कप मात्र बहुतेक 180 मिलीचा असतो, तो केकला वापरला तर सगळंच पाऊण होतं आणि अंडी तेवढीच राहतात. टेबलस्पून 15 मिलीचा, पण रेसिपी ऑस्ट्रेलियातली असेल तर 20 चा.

आणि काटा कायमचा घ्यायचा नसेल तर एक दिवस शेजारून मागून आणा, घरातली रोजची आमटीची वाटी त्यावर ठेवून मैदा, कणीक, रवा, बेसन, साखर, पिठीसाखर, तूप असं एकेक भरून वजन करा आणि कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तुमच्या वाटीचा, तुमच्या हाताने भरलेला तो तक्ता कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा जास्त कामाचा, माझा तीन वर्षं झाली तिथेच आहे, तुपाचे डाग पडलेत पण आकडे अजून वाचता येतात.