आईसाठी घेतलेलं बोलतं बायबल: आठ महिन्यांचा अनुभव

माझी आई ८६ वर्षांची आहे. नगरच्या आसपासच्या खेड्यांत तिने बायबल-बाई म्हणून उभं आयुष्य काढलं. दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून तिने वचन वाचून दाखवलं, आजाऱ्यांच्या उशाशी बायबलमधली स्तोत्रं म्हटली. दोन वर्षांपूर्वी पडद्याच्या आजाराने तिची नजर गेली. मोठ्या टायपाचं पुस्तक आणलं, भिंग आणलं, काही उपयोग झाला नाही. एका रात्री ती म्हणाली, "डोळ्यांचं राहू दे गं. मी हाक मारते आणि पलीकडे कुणी नाहीच असं वाटतं." आयुष्यभर दुसऱ्यांसाठी प्रार्थना केलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून मला रात्रभर झोप आली नाही. त्यानंतर मी बायबल वाचून ऐकवणारं हे यंत्र मागवलं.

साबणाच्या डबीएवढं आहे. वजन नाही म्हटलं तरी चालेल. मागे सोलरची पट्टी आहे. खिडकीत ठेवलं की उन्हाळ्यात पुरतं, पावसाळ्यात मात्र मोबाइलच्या चार्जरला लावावंच लागतं. आवाज स्वच्छ आहे, आईच्या कमी ऐकू येणाऱ्या कानालाही पोचतो. वाचणाऱ्यामागे संगीत लावलंय. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, ते चालून जातं, स्तोत्रांत नको होतं.

घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी विचारून घ्या: आत भाषांतर कोणतं आहे? मला पहिल्यांदा आलेलं यंत्र सोप्या मराठीतलं होतं. आईने ४२वं स्तोत्र लावायला सांगितलं, दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "लुलपते कुठं गेलं?" जुन्या भाषांतरात हरिणी पाण्यासाठी लुलपते, आणि तसाच जीव देवासाठी लुलपतो. सोप्या मराठीत तिथे साधी तहान आहे. तहान पेलाभर पाण्याने भागते. लुलपणं म्हणजे जीभ बाहेर आलेली, पाय थरथरताहेत, वास येतोय पण पाणी दिसत नाही. आईने दुष्काळात अशी जनावरं पाहिली आहेत. सोपी भाषा नव्याने ऐकणाऱ्यांसाठी चांगलीच आहे, पण जिला जुने शब्द तोंडपाठ आहेत तिला तेच शब्द हवेत. बदलून घ्यायला तीन आठवडे आणि बरेच फोन लागले.

मोठी उणीव बटणांची. हवं ते स्तोत्र थेट लावता येत नाही. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, लावायची आणि एकेक अध्याय पुढे न्यायचा. ४२व्यासाठी ४१ वेळा दाबायचं, ८८व्यासाठी ८७ वेळा. आई मोठ्याने मोजत दाबते. ८८वं ती मुद्दाम लावते, कारण त्या स्तोत्रात शेवटपर्यंत उजेड येत नाही, ते अंधारातच संपतं. "हेही देवाच्याच पुस्तकात ठेवलंय ना," म्हणते. खूण करून ठेवायचं एक बटण असतं तर म्हाताऱ्या बोटांचे किती कष्ट वाचले असते! बनवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, ही हात जोडून विनंती.

एक स्तोत्र संपलं की यंत्र न थांबता पुढच्यावर जातं. त्याचाही मला आधी राग यायचा. पण एकदा ४२वं संपून ४३वं सुरू झालं, आणि "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास" हा चरण पुन्हा आला. ४२व्यात तो दोनदा येतो, ४३व्यात तिसऱ्यांदा. आई उठून बसली. "अगं, हे एकच गाणं आहे!" अभ्यासक तसंच मानतात, हे मला नंतर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडून कळलं. पुस्तकात मध्ये मोठा आकडा छापलेला असतो, म्हणून साठ वर्षं वाचूनही तिला ते जाणवलं नव्हतं. ४२वं जिथे तुटतं तिथे माणूस अजून रडतोच आहे. वेदीपाशी जाण्याची, वीणा वाजवण्याची आस ४३व्यात आहे. आता ती दोन्ही मिळूनच ऐकते.

सगळ्यांत चांगली सोय म्हणजे मधलं गोल बटण. ते चाचपून सहज सापडतं, दाबलं की आवाज थांबतो, पुन्हा दाबलं की थांबलं तिथूनच सुरू होतो. वाचणारा ४२व्यातल्या "तुझा देव कोठे आहे?" या प्रश्नावर थांबत नाही, भरकन पुढे जातो. आई तिथे बटण दाबते. पहाटे पाचला मी चहा ठेवते तेव्हा आतून तेवढा प्रश्न ऐकू येतो आणि मग काहीच नाही. कधी पाच मिनिटं, कधी चहा उकळून गाळून होईपर्यंत. मी कप घेऊन दारातच उभी राहते. मग बटणाचा टक् असा आवाज येतो.