हायस्कूलची शिस्त: दंडाची वही, गुणांचा तक्ता की समोरासमोर बैठक?

आठवी ते दहावी, इयत्तेला एक किंवा दोन तुकड्या, नऊ-दहा शिक्षक, एक क्लार्क, एक शिपाई. कर्नाटकातल्या खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या अनेक मराठी हायस्कूलांचा पसारा एवढाच. जूनमध्ये संस्थेची किंवा एसडीएमसीची (शाळा विकास आणि देखरेख समितीची) बैठक भरली की शिस्तीवर तीन मतं पडतात. कुणाला नोंदवही आणि चढत्या पायऱ्यांचा दंड हवा असतो, कुणाला चांगल्या वागण्याचे गुण, तर कुणाला 'पोरांना बसवून बोला' हा मार्ग. तिन्ही पद्धती चालतात, पण एकाच दुखण्यावर नव्हे.

छडी हा चौथा पर्याय धरू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. तो कायदा ६ ते १४ वयाचा म्हणून नववीतल्या पंधरा वर्षांच्या पोराला हात लावायला मोकळीक मिळते असंही नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे. अंगठे धरून उभं करणं, उन्हात फेऱ्या मारायला लावणं हेही शिक्षेतच मोडतं. मोडक्या कन्नडवरून किंवा जातीवरून टोमणा मारला तर तो छळ. आणखी एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: आठवी आपल्याकडे हायस्कूलात असली तरी कायद्याने ती प्राथमिक शिक्षणातच येते, त्यामुळे आठवीतल्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

दंडाची वही सगळ्यात स्वस्त. पहिल्या नोंदीला वर्गशिक्षक बोलतात, महिन्यात तीन झाल्या की घरी फोन, पाच झाल्या की मुख्याध्यापकांसमोर. रोज दहा मिनिटांचं काम. नियम सगळ्यांना सारखा दिसतो म्हणून पालकही कुरकुर करत नाहीत. ती फसते नोंदीच्या भाषेत. 'उद्धट बोलला' ही नोंद नव्हे. काय बोलला, कितव्या तासाला, त्याआधी काय सांगितलं होतं, हे तीन तुकडे लिहिले तरच पुढे त्या वहीचा उपयोग. दुसरं, सप्टेंबरपर्यंत तीच पाच-सहा नावं शेवटच्या पायरीवर पोचतात आणि शाळेच्या हातात काही उरत नाही.

सगळ्यात महागात पडतं ते 'पालकांना घेऊन आल्याशिवाय वर्गात बसू नकोस' हे वाक्य. ऊसतोडीच्या दिवसांत बाप शाळेत आला की त्याचा दिवसाचा रोज बुडतो, म्हणून पोरगा घरी सांगतच नाही. दप्तर घेऊन निघतो आणि दिवसभर थांब्यावर काढतो. असे आठ-दहा दिवस साचले की एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेला लागणारी ७५ टक्के हजेरी धोक्यात येते. त्याऐवजी संध्याकाळी सातनंतर फोन करा, पहिलं वाक्य तक्रारीचं नको. ऑफिसचे कागद कन्नडमध्ये असतात ते ठीक, पण घरी जाणारी चिठ्ठी मराठीत हवी. घरी ती बहुधा आजी कुणाकडून तरी वाचवून घेते.

गुणांचा तक्ता दिसायला देखणा. तीन ते पाच नियम, ते पाळले की गुण, गट पाडून चढाओढ, शनिवारी सकाळच्या शाळेत बेरीज. मागचा विचार पक्का आहे: चूक पकडण्यापेक्षा बरोबर वागलेलं टिपायचं, एका टोकण्यामागे चार वेळा चांगलं म्हणायचं. पण पी.टी.चे सर खिरापतीसारखे गुण वाटतात आणि गणिताच्या बाई सहा महिन्यांत एकही देत नाहीत, मग पोरं आठवड्यात ओळखतात. आठवीत दोन महिने रंगतो, दहावीत हसं होतं. मोठी चूक म्हणजे मिळालेले गुण वजा करणं. शून्याखाली गेलेल्या पोराला गमावण्यासारखं काही राहत नाही, मग तो मोकाट सुटतो. लहान शाळेने या तक्त्याच्या नादी लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मात्र त्याच घराण्यातली एक वस्तू जरूर घ्यावी: रोजचं कार्ड. पोस्टकार्डाएवढा जाड कागद. उभे सात रकाने, सात तासांचे. आडव्या तीन ओळी: वेळेवर आलो, हात-तोंड आवरलं, दिलेलं काम केलं. प्रत्येक घरात ०, १ किंवा २. एकूण ४२. अंतिम लक्ष्य ८० टक्के, म्हणजे ३४. पण पहिल्या आठवड्यात ते ठेवू नका. दोन दिवस नुसतं मोजा, पोरगा २२ वर असेल तर लक्ष्य २५. सकाळी तीन मिनिटं आणि सुटताना तीन मिनिटं एकाच मोठ्या माणसाला भेटायचं. ते शिक्षकच हवेत असं नाही, क्लार्क चालतात, पोरं ज्यांना मानतात ते शिपाई मामाही चालतात. तास संपला की शिक्षकांनी आकडा लिहायचा, भाषण नाही. एका माणसाकडे चार-पाचांपेक्षा जास्त पोरं दिलीत की कार्डं नुसती सह्यांची होतात. चार ते सहा आठवड्यांत फरक न दिसल्यास कार्ड थांबवा.

कार्ड कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. लक्ष वेधण्यासाठी गोंधळ घालणाऱ्याला ते लागू पडतं, कारण त्याला हवं ते लक्ष चांगल्या वाटेने मिळतं. धडा वाचता येत नाही म्हणून गोंधळ घालून वर्गाबाहेर पडणाऱ्याला नाही. हा फरक ओळखायचा तर वहीतल्या नोंदी पोरांच्या नावावर न लावता तासांवर लावून बघा. इंग्रजी किंवा कन्नडच्याच तासाला ढीग दिसला तर दुखणं शिस्तीचं नाही. आणि वर्गाबाहेर काढणं ही त्याला शिक्षा वाटत नाही, त्याला तेच हवं असतं.

समोरासमोर बैठक भांडणासाठी. बसमधल्या जागेवरून जुंपली, सायकलची हवा सोडली, इन्स्टाग्रामवर कुणाची खिल्ली उडवली. आधी दोघांना वेगवेगळं दहा-दहा मिनिटं ऐका, मग एकत्र. चारच प्रश्न: काय झालं? त्या वेळी मनात काय होतं? कुणाला काय सोसावं लागलं? आता भरून काढायला काय करशील? शेवटी दोन ओळींचा करार, तारीख, आणि सात दिवसांनी पाच मिनिटं परत. एका प्रसंगाला सगळं धरून तासभर जातो, म्हणून महिन्याला चार-पाचपेक्षा जास्त बैठका झेपत नाहीत. राग ताजा असताना त्याच दिवशी बसवलं की भांडण दुसऱ्या खोलीत हललं, एवढंच होतं. घाईत 'सॉरी म्हण, हात मिळव' इथवर आटोपलं तर दोघंही गेटबाहेर पुन्हा सुरू.

एक दांडगा आणि एक घाबरलेला असेल तर ही बैठक घेऊच नका, घाबरलेला समोर खरं बोलत नाही. लैंगिक त्रासाचा संशय असेल तर शाळेत मिटवामिटवी हा स्वतःच गुन्हा आहे. पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग गावातले पंच काहीही म्हणोत. मदतीला चाइल्डलाइन १०९८ आहे. जीव देण्याची भाषा कानावर आली तर टेली-मानस हेल्पलाइन १४४१६, आणि तोवर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही.

मग निवड कशी करायची? शिक्षक आठच्या आत असतील तर वही आणि कार्ड, बस्स. महिन्याला तीनहून जास्त मारामाऱ्या होत असतील तर दोन शांत डोक्याच्या शिक्षकांना बैठकीचं काम द्या आणि त्या दिवशी त्यांचा एक तास कमी करा. तास कमी न करता दिलेलं काम दिवाळीपर्यंतही टिकत नाही. तक्ता हवाच असेल तर फक्त आठवीला, दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत.

पण यातलं काहीही ठरवण्याआधी गेल्या वर्षीची वही काढा आणि 'उशिरा आला' या नोंदी बाजूला करा. निम्म्या निघाल्या तर तिन्ही पद्धती गैरलागू. बायकांना मोफत बसप्रवास देणारी शक्ती योजना जून २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून गाड्या भरून येतात, आडगावच्या थांब्यावर थांबतीलच याचा भरवसा नाही. बसमुळे झालेला उशीर वेगळ्या वहीत लिहा, त्याचा दंड नको. पंधरा दिवसांच्या तारखा, थांबा, गाडीची वेळ आणि बसपासधारक मुलांची संख्या जोडून एसडीएमसीच्या सहीने डेपो मॅनेजरना अर्ज द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.