काळे तीळ घ्यावेत की पांढरे? चिनी वैद्यकाचा कौल

चिनी वैद्यकात औषध म्हणून मान आहे तो काळ्या तिळाला, 'हेई झीमा'ला. पांढरे तीळ तिथे मुख्यतः स्वयंपाकाचे आणि तेलाचे. आयुर्वेदही काळ्यालाच श्रेष्ठ म्हणतो, पण पुढे वाट वेगळी होते. आपल्याकडे तीळ उष्ण, म्हणून संक्रांतीचे. चिनी वैद्य काळ्या तिळाला 'सम' मानतात, ना गरम ना थंड. चवीला गोड, आणि यकृत, मूत्रपिंड व मोठ्या आतड्याला पोषक.

अकाली पिकणारे केस, चक्कर, अंधुक नजर, कानात गुणगुण या तक्रारींवर ते देतात. केस म्हणजे 'रक्ताचा उरलेला भाग', ही तिथली जुनी कल्पना. रक्त भरा, केस काळे होतील! माझं मत विचाराल तर केसांसाठी घेऊ नका, पदरी निराशाच पडेल. कोरड्या मलावरोधाला मात्र, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, घेऊन बघण्यासारखे आहेत. तेल आणि चोथा दोन्ही मिळतात.

त्यांच्या औषधकोशातलं दिवसाचं प्रमाण ९ ते १५ ग्रॅम, म्हणजे एक ते दीड मोठा चमचा. मंद आचेवर कोरडेच भाजा. तडतडायला लागले, खमंग वास सुटला की लगेच उतरवा, क्षणभर उशीर झाला तरी कडू होतात. मग कुटा. अख्खे गिळले तर बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडतात.

पांढरे घ्यायचे तर बिनसोललेले घ्या. साल काढली की कॅल्शियम पार घटतं: सालीसकट १०० ग्रॅममध्ये साधारण ९७५ मिलिग्रॅम, सोललेल्यात ६० च्या आसपास. अर्थात सालीतलं बरंचसं ऑक्झलेटशी बांधलेलं असतं, त्यामुळे तो आकडा सगळाच्या सगळा अंगी लागत नाही.

गरम पाणी ओतून खायची काळ्या तिळाची तयार पूड सोपी खरी, पण बऱ्याच पाकिटांत साखर दाबून असते. मधुमेह असेल तर घरीच कुटा. पातळ जुलाब होत असतील तर तीळ नकोत, हे चिनी वैद्यही सांगतात. तिळाची अॅलर्जी असेल तर दोन्ही बाद.

काळे घेताना एक दाणा नखाने फोडून पाहा. आत पांढरा निघायला हवा. आतही काळपट असेल तर रंग दिलेला आहे.