भटक्या मांजरांची नसबंदी: आमच्या भागातल्या दवाखान्याचा अनुभव

सोलापुरात साखर पेठेत आमचे यंत्रमाग आहेत. सुताला उंदीर लागतात म्हणून मांजरं हवीतच, पण दोन वर्षांत तिनाची अकरा झाली. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण ६५ दिवसांत विते. पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा राहते. गेल्या पावसाळ्यात शेडमागे चार पिल्लं मेलेली सापडली, त्या दिवशी मी नसबंदीचं मनावर घेतलं. पोत्यात घालून लांब सोडा, असं सगळे सांगत होते. शेजारच्या शेडवाल्यांनी तसं केलंही होतं. महिन्याभरात तिथे दुसरीच मांजरं येऊन राहिली.

दवाखान्यातून पिंजरा अनामत ठेवून मिळतो. आत सुकट ठेवायची. दार पडलं की मांजर जिवाच्या आकांताने धडका देतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी लगेच आपली सोलापुरी चादर टाकली. अंधार झाला आणि ते गपगार बसलं.

चीर पोटाखाली न देता कुशीत देतात, कारण हाती न येणाऱ्या मांजराची जखम लांबूनही बघता येते. टाके आपोआप विरघळतात. भुलीत असतानाच डाव्या कानाचं टोक कापतात, म्हणजे झालेली भाटी पुन्हा धरली जात नाही. आमची तीनरंगी पाजत होती. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होऊन खायला लागू दे, मग आणा, म्हणून डॉक्टरांनी तिला परत पाठवलं. तिथेच माझा विश्वास बसला.

एका गोष्टीचा मात्र राग आला. सकाळी ९ ला बोलावून दुपारी २ ला हात लावला. मे महिना, पत्र्याखाली पिंजरे आणि भुलीसाठी उपाशी ठेवलेले जीव! मी ओलं पोतं टाकून तिथेच बसून राहिले आणि स्पष्ट बोलले. पुढच्या खेपेला पिंजरे आत, पंख्याखाली होते.

सात झाली, मिळून ८,५०० रुपये लागले. बोके दुसऱ्याच दिवशी सोडले, भाट्या तीन दिवस माडीवर ठेवल्या. आता रात्रीची भांडणं कमी झालीत, सुताच्या गठ्ठ्यांवर बोके मुतत नाहीत.

तीनरंगीची पिल्लं खायला लागलीत. ती मात्र पिंजरा ओळखते, सुकट बाहेरूनच हुंगून जाते. उद्या बोंबील लावून बघते.