बीएमडब्ल्यू एम२ वर दोन प्रकारचे टायर : चौदा महिने आणि पाच ट्रॅक डेंनंतरचा अनुभव

नाशिकला राहून ट्रॅक डेचा, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवण्याच्या दिवसाचा, नाद लागला की पहिला प्रश्न अंतराचा येतो. कोइम्बतूरचा कारी स्पीडवे, ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला असलेले मद्रास इंटरनॅशनल सर्किट, यांपैकी कुठेही जायचे म्हटले तरी हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास ठरलेला आहे. मी माझी बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन ट्रकवर न चढवता स्वतः चालवत नेतो. पुणे-बेंगळुरूमार्गे चेन्नई सुमारे १,४०० किलोमीटर पडते. त्यामुळे टायर पारखताना मी दोनच गोष्टी पाहतो : सहाव्या लॅपला (ट्रॅकच्या सहाव्या चकरेला) तो कसा वागतो, आणि दोन दिवसांनी मला सिन्नरपर्यंत सुखरूप आणतो का.

गाडीचे माप पुढे २४५/३५ झेडआर १९ आणि मागे २६५/३५ झेडआर १९. या मापात मी मिशेलिनचे दोन संच वापरले. पहिले दोन ट्रॅक डे पायलट स्पोर्ट ४ एस वर केले आणि पुढचे तीन पायलट स्पोर्ट कप २ वर. पहिल्याचे ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा दर्जा सांगणारा आकडा, ३०० आणि दुसऱ्याचे १८०. हा आकडा जितका कमी तितके रबर साधारणपणे मऊ आणि झिजणारे. मात्र तो प्रत्येक कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो उपयोगी आहे, दोन कंपन्यांच्या टायरांची तुलना त्यावरून करू नये.

४ एस हा रस्त्यावरचा उत्तम टायर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ट्रॅकवरही पहिले तीन लॅप तो मनासारखा चालतो. चौथ्या लॅपपासून मात्र पुढची चाके वळणात बाहेर सरकू लागतात, स्टिअरिंग हलके वाटते आणि ब्रेक पाच-दहा मीटर आधी दाबावा लागतो. माझ्या नोंदीप्रमाणे दुसऱ्या आणि सहाव्या लॅपमध्ये सव्वादोन सेकंदांचा फरक पडत होता. याचे कारण नक्षीत आहे. नव्या ४ एस च्या खाचा खोल असतात, त्यामुळे रबराचे उंच ठोकळे दीड टनाहून जड गाडीच्या भाराखाली वळणात वाकतात आणि त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. तापलेले रबर मग तेलकट झाल्यासारखे घसरते. पहिल्या दिवशी संध्याकाळी डाव्या पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेवरून तळहात फिरवला, तर एका दिशेने ती गुळगुळीत लागत होती आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखी. हाच टायर अर्धा झिजल्यावर ट्रॅकवर अधिक चांगला चालला, कारण तोवर ठोकळे आखूड झाले होते.

हवेच्या दाबाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या सर्वांत जास्त चुका इथेच झाल्या. रस्त्यावर भरतो तेवढी, म्हणजे ३२ पीएसआय हवा घेऊन मी पहिल्या फेरीला (सलग काही लॅपांच्या सत्राला) उतरलो आणि परतल्यावर गेजने ४१ दाखवले. एवढ्या दाबाने टायर मध्यभागी फुगतो आणि जमिनीवर टेकणारा भाग कमी होतो. तेव्हापासून मी थंड दाबाकडे लक्ष देणे सोडले आणि गरम दाब धरून चालतो : फेरी संपवून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्याबरोबर, टायर निवण्याआधी, कप २ वर ३३ ते ३४ मिळायला हवा. त्यासाठी सुरुवात २६-२७ वर करावी लागते आणि पहिला लॅप सांभाळून काढावा लागतो. साइडवॉलच्या (टायरच्या बाजूच्या भिंतीच्या) वरच्या कडेवर मी खडूच्या रेघा ओढतो. फेरीनंतर रेघ कडेच्या खालपर्यंत पुसली गेली असेल तर दाब कमी आहे आणि टायर आडवा पडतो आहे. रेघ जशीच्या तशी असेल तर दाब जास्त आहे. या कामाला खडूइतके स्वस्त आणि खरे साधन मला दुसरे सापडलेले नाही.

नाशिकहून निघणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा आहे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत पहाटेचे तापमान १२ अंशांपर्यंत उतरते. येथे पहाटे ३० भरलेला टायर चेन्नईत ३० अंशांच्या सावलीत जवळपास ३२ दाखवतो. उष्णतेने दाब वाढतो आणि समुद्रसपाटीवरच्या जड हवेमुळे गेजवरचा आकडा साधारण एकाने घटतो, अशा दोन्ही गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात. म्हणून घरून ठरवून नेलेला आकडा तिथे कामाचा नाही. हवा ट्रॅकवरच, स्वतःच्या गेजने तपासावी आणि प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहावी.

कप २ बसवल्यावर गाडीचा स्वभाव बदलला. पहिला लॅप तो थंड आणि अडेल असतो, पण एकदा तापला की आठव्या लॅपपर्यंत तसाच राहतो, आणि मला त्यातच त्याची खरी किंमत दिसली. पकड वाढली याहून, प्रत्येक लॅपला त्याच खुणेवर ब्रेक दाबता आला याचा उपयोग अधिक झाला, कारण त्यामुळे आपली चूक कोणती आणि टायरची कोणती हे कळू लागले. मात्र पकड वाढली की भार इतरत्र जातो. पुढचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकणारा कल, मूळ जोडणीत फारसा बदलता येत नाही, त्यामुळे दोन ट्रॅक डेंमध्ये डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड बोडकी होऊ लागली, तर आतली नक्षी जवळजवळ नवी होती. हा कल बदलू देणारी कॅम्बर प्लेट बसवून अडीच अंश घेतल्यावर झीज सारखी झाली. प्लेटचा खर्च मोठा वाटतो. पण अर्धवट झिजलेली टायरची जोडी फेकणे त्याहून महाग पडते.

मिळवण्याची अडचण मोठी आहे. जून २०२० पासून टायरची आयात सरकारने निर्बंधित यादीत टाकली आहे, त्यामुळे असे माप मागितले की वाट पाहावी लागते आणि जुना साठा गळ्यात पडण्याचा धोका वाढतो. मला एका विक्रेत्याने ‘अगदी ताजे’ म्हणून दिलेल्या चारपैकी दोन टायरांवरच्या निर्मितीच्या कोडमधले शेवटचे चार अंक जवळपास चार वर्षांपूर्वीचे निघाले. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. मी ते बसवण्याआधीच परत केले, पण त्यात पाच आठवडे गेले. पैसे देण्यापूर्वी हे अंक डोळ्यांनी पाहावेत, फोटोवर विसंबू नये. सातपूरला सिएटचा कारखाना असलेल्या या शहरात ट्रॅकच्या टायरसाठी इतकी वणवण करावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पावसाळ्यात कप २ वापरू नयेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ते गाडीवर ठेवूनच कसारा घाट उतरलो. ओल्या रस्त्यावर ठीक होते, पण पाणी साचलेल्या एका पट्ट्यावर स्टिअरिंग क्षणभर पूर्ण रिकामे झाले. त्याच आठवड्यात मी ते उतरवले. आता ते वेगळ्या रिमांवर बसवलेले असतात. दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर घालून नेतो आणि ट्रॅकवर पोहोचून बदलतो. जाणे-येणे ४ एस वरच होते. गाडीत स्टेपनी नाही आणि ३५ च्या प्रोफाइलला, म्हणजे इतक्या कमी उंचीच्या साइडवॉलला, खड्डा सोसत नाही. आजवर माझा एकच टायर साइडवॉलला फुगा येऊन बाद झाला, तोही ट्रॅकवर नव्हे, तर पुणे रस्त्यावर.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कप २ घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ४ एस सरकण्याआधी किंचाळतो आणि हळूहळू सुटतो, तर कप २ उशिरा आणि झटक्याने सुटतो. मागच्या चाकांवर एवढी ताकद असलेल्या गाडीत तो झटका सावरायला हात तयार व्हावे लागतात, आणि ते ४ एस वरच तयार होतात.

माझ्या कप २ ची नक्षी अजून शिल्लक असली, तरी गरम-थंड होण्याची आवर्तने बरीच झाल्यामुळे रबर कडक होत आले आहे. शेवटच्या ट्रॅक डेला वेळ सव्वा सेकंदाने वाढली. आणखी एक दिवस काढून ते बदलीन, आणि तेव्हा पुन्हा कप २ च घेईन.