एक्झोसोम टेस्ट, सीटीडीएनए की सरळ बायोप्सी?

कॅन्सरचा संशय आला की घरातलं कोणीतरी नेटवर एक्झोसोम शोधून काढतंच आणि मग विषय निघतो, सुई टोचण्यापेक्षा हीच टेस्ट करून टाकू का. माझं मत आधीच सांगते, बहुतेक वेळा नाही, एका ठिकाणी मात्र हो.

एक्झोसोम म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या बारीक पिशव्या, साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या. १९८० च्या दशकात सापडल्या तेव्हा वाटलं पेशी कचरा फेकतेय, पण आत आरएनए (जीन्सचा निरोप वाहून नेणारा रेणू), प्रोटीन असा बराच ऐवज निघाला.

सीटीडीएनए म्हणजे रक्तात तरंगणारे ट्यूमरच्या डीएनएचे तुकडे. तो बहुतेक करून मेलेल्या कॅन्सर पेशींमधून रक्तात सांडतो, एक्झोसोम जिवंत पेशीही सोडत असतात, म्हणजे कागदावर एक्झोसोमच भारी. घोडं अडतं ते लॅबमध्ये. निरोगी पेशीही ढिगाने एक्झोसोम सोडतात, त्यात रक्तातले काही लिपोप्रोटीन (चरबी वाहून नेणारे) कण जवळपास तेवढ्याच साइजचे, त्यामुळे ट्यूमरवाले वेगळे काढताना प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी आणि पद्धत बदलली की आकडे बदलतात. उलट फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर म्युटेशन (त्या नावाच्या जीनमधला बदल) बघून गोळी ठरवायची असेल तर त्यासाठीच्या रक्तातल्या सीटीडीएनएच्या टेस्टला अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २०१६ मध्येच मंजुरी दिलीय. तीही निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही, तुकडा काढून बघावाच लागतो, आणि कॅन्सर आहे का, कुठल्या प्रकारचा, हे पक्कं सांगायला अजून बायोप्सीच.

आता ते एक ठिकाण, प्रोस्टेट. वय ५० च्या पुढे, पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्तात मोजतात ते प्रोटीन) २ ते १० मध्ये अडकलेला, बायोप्सी करावी की थांबावं कळत नाही, अशांसाठी एक्झोडीएक्स नावाची लघवीची टेस्ट आहे. लघवीतल्या एक्झोसोममधल्या तीन जीन्सचा आरएनए मोजतात, आधी बोट घालून तपासणीही लागत नाही (हे ऐकून अर्धे पुरुष तिथेच तयार होतील). स्कोअर १५.६ किंवा त्याच्या खाली आला तर जोरात वाढणारा कॅन्सर असण्याची शक्यता कमी, शून्य नाही, त्यामुळे पीएसए बघत राहायचंच. वर आला तर बायोप्सी. म्हणजे ही टेस्ट बायोप्सीची जागा घेत नाही, फक्त कोणाची पुढे ढकलता येईल ते सांगते.

ट्रीटमेंटचं म्हणाल तर एक्झोसोमची केमो किंवा इम्युनोथेरपीशी तुलनाच होत नाही अजून. फ्रान्समध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या २२ पेशंटना डेंड्रिटिक पेशींचे (या रोगप्रतिकारक पेशी) एक्झोसोम देऊन पाहिले, निम्म्यांचा तरी आजार चार महिने वाढू नये असं टार्गेट होतं, जमलं ३२ टक्क्यांनाच. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये केआरएएस हा कॅन्सर वाढवणारा बिघडलेला जीन बंद पाडणारा आरएनए एक्झोसोममध्ये भरून ट्रायल चालू झाली, ती आयडिया मला खरंच आवडते, पण ट्रायल म्हणजे ट्रायल. एफडीएने २०१९ मध्ये मंजुरी नसलेल्या एक्झोसोम प्रॉडक्ट्सबद्दल लोकांना सावध केलं होतं, तेव्हा कोणी पैसे घेऊन कॅन्सरवर एक्झोसोमचं इंजेक्शन देतो म्हणाला तर आधी ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, आणि नंबर मिळाला तरी तो आपल्या कॅन्सर डॉक्टरला दाखवल्याशिवाय सही करू नका.