कार्बन फायबरचा पार्ट: मॉडेल अख्ख्या पार्टचं, तंतूंचं की अणूंचं?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या एखाद्या डिझाइन ऑफिसकडे ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट कार्बन-इपॉक्सीत (म्हणजे इपॉक्सी रेझिनने जोडलेल्या कार्बन तंतूंच्या थरांत) करायचं काम आलं, की पहिली चर्चा सॉफ्टवेअरची होते. खरं तर आधी ठरवायला हवं की मटेरियल किती जवळून बघायचं.

अख्ख्या पार्टचं फायनाइट एलिमेंट मॉडेल (पार्टचे छोटे तुकडे पाडून संगणकावर केलेलं गणित) ओळखीचं असतं. थरांचे कोन द्या, गुणधर्म भरा, हाशिन किंवा त्साय-वू या थर तुटण्याच्या निकषांनी कुठला थर आधी जातो ते बघा. साध्या वर्कस्टेशनवर भागतं. गोम इतकीच, की ते गुणधर्म आणायचे कुठून? डेटाशीटवर तंतूच्या दिशेचे आकडे ठळक असतात, आडव्या दिशेचे अनेकदा नसतातच.

इथे मधली पायरी कामाला येते. तंतूंचा एक प्रातिनिधिक तुकडा, म्हणजे आरव्हीई घ्यायचा. समजा तंतूचा मॉड्युलस (कडकपणाचं माप) लांबीत २३० आणि आडवा १५ गिगापास्कल, इपॉक्सीचा ३, आणि तंतूंचं प्रमाण ६० टक्के. लांबीच्या दिशेने साधा मिश्रणाचा नियम सुमारे १३९ देतो, आणि तो बरोबर असतो. त्यासाठी मॉडेलची गरजच नाही. आडव्या दिशेला मात्र तसंच सोपं सूत्र ५.८ वर थांबतं. आरव्हीईतून आकडा साडेसात-आठच्या घरात येतो. म्हणजे सूत्रावर विसंबलात तर कडकपणा पाव हिश्शाने कमी धरला जातो. शिवाय तंतू आणि इपॉक्सी नेमके कुठे सुटतात, तेही दिसतं. तंतू विस्कळीत मांडा आणि कडांना पिरिऑडिक अटी लावा, म्हणजे समोरासमोरच्या कडा एकमेकींशी जुळत्या राहतील. सुबक चौकोनी मांडणी भेगांच्या बाबतीत फसवते. पार्टच्या प्रत्येक इंटिग्रेशन पॉइंटला (मॉडेल जिथे ताण मोजतं त्या बिंदूला) असा तुकडा जोडायची एफई-स्क्वेअर पद्धत कागदावर देखणी आहे, पण छोट्या ऑफिसने तिच्या नादी लागू नये.

अणूंच्या पातळीवर त्यांच्या हालचालींचं गणित करणारं लॅम्प्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, म्हणून हात शिवशिवतात. पण अशा मॉडेलमधले अणूंचे १० नॅनोमीटरचे ७०० डबे एका रांगेत लावाल तेव्हा ७ मायक्रॉनचा एक तंतू ओलांडता येतो. वेळेची पायरी साधारण एक फेम्टोसेकंदाची, त्यामुळे दहा लाख पायऱ्यांनंतर पदरात एक नॅनोसेकंद पडतो. तेवढ्यात एक टक्का ताणायचं, तर ताणाचा वेग टेन्साइल मशीनच्या कितीतरी कोटी पट होतो. तिथली ताकद थेट डिझाइनमध्ये भरू नका. इपॉक्सीत ओल शिरल्यावर काय होतं, तंतूवरचं सायझिंग (पातळ लेप) बदललं तर पकड वाढेल का, असे प्रश्न असतील तरच इकडे वळा; एम.टेक.च्या प्रबंधाला मात्र हा विषय उत्तम.

पार्ट धातूचाच ठेवायचा असेल तर मधल्या पायरीवर तंतूंच्या जागी स्फटिककण येतात. त्यासाठी जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत तयार झालेलं डॅमास्क हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

ब्रॅकेटसाठी माझं मत स्पष्ट आहे: आरव्हीईतून गुणधर्म काढा, ते पार्टच्या मॉडेलमध्ये भरा, आणि ९० अंशांच्या थरांचे कूपन (चाचणीचे छोटे नमुने) ओढून आडवा आकडा पडताळा. विमानाचा पार्ट असेल (ओझरचा विमान कारखाना जवळ आहे, मोह होतोच), तर चाचण्यांचा खर्च कोटेशनमध्ये आधीच धरा. तिथे कूपनपासून अख्ख्या पार्टपर्यंत चाचण्या कराव्याच लागतात, मॉडेल कितीही बारीक असलं तरी.